घोडाच ना, सरकार?

सुधीर इनामदारने मला फसवलं. त्याच्या आधी त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांना फसवलं. दोन्हींच्या मध्ये शंभरेक वर्षं आणि अख्खा समुद्र आहे, पण रीत एकाच घरची आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे हळवा झालो तर कुणाचा गैरसमज नको.

आज सकाळी इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला, पहिला बर्फ पडला. फार नाही, बोटभर. पण तेवढ्याने माझ्या दुकानापुढे सात वाजता गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. ऑक्टोबरभर मी लोकांना फोन करकरून सांगतो, विंटर टायर बसवून घ्या, तेव्हा सगळ्यांना वेळ नसतो. मग एके सकाळी आकाश पांढरं होतं, कुणीतरी हायवेवर घसरून कठड्यावर आपटतो, आणि सगळे एकदम माझ्या दारात. आतमध्ये चार गाड्या लिफ्टवर, चाकं काढलेल्या, खाटकाच्या दुकानात टांगल्यासारख्या. नट सोडवणाऱ्या गनचा आवाज दातांच्या मुळाशी जाऊन बसतो. ओल्या रबराचा वास, रस्त्यावर फेकलेल्या मिठाचा, गंजाचा. माझ्या हातांना या दिवसांत भेगा पडतात आणि त्यांतून रक्त येतं, ते मी चिंधीला पुसतो आणि पुढची गाडी घेतो. तीस वर्षं झाली. पहिली चार वर्षं दुसऱ्याच्या यार्डात, उणे वीसमध्ये ट्रकखाली पाठीवर पडून काढली. मला कुणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी भांडून घेतलंय.

काउंटरवर फोनशेजारी एक लोखंडी घोडा असतो. अंगठ्याएवढा. बुद्धिबळाचा. नालाच्या तुकड्यातून ठोकून काढलेला, मान जरा वाकडी, एक कान बसलेला. त्याच्या बुडाशी पोलिसांनी चिकटवलेल्या पट्टीचा डिंक अजून आहे. मी तो खरवडत नाही. आज एका गिऱ्हाइकाच्या मुलीने विचारलं, अंकल, हा हॉर्स कुणाचा? मी म्हटलं, माझ्या आजोबांचा. ती म्हणाली, क्यूट. मी तिच्या बापाची किल्ली घेतली आणि आत गेलो.

माझे आजोबा गणपत लोहार. कृष्णाकाठच्या गावात अप्पासाहेब इनामदारांच्या पागेतल्या घोड्यांना नाल ठोकायचे. घोड्याचा पाय दोन मांड्यांच्या मध्ये धरायचा, खूर तासायचा, तापलेला नाल टेकवायचा, की जळक्या नखाचा पिवळा धूर निघतो. खिळा वाकडा गेला तर मांसात शिरतो, आणि मग घोडा लाथ मारतो. आजोबांच्या दोन बरगड्या अशाच मोडल्या होत्या. दुपारी पागेच्या ओट्यावर अप्पासाहेब बुद्धिबळ मांडून बसायचे आणि हरायला कुणीतरी लागायचं म्हणून लोहाराला बोलवायचे. लोहार हरेना. इनामदाराला राग यायला हवा होता, पण ते हुशार. त्यांनी ठरवलं की हा आपला लोहार आहे, म्हणजे याची बुद्धीही आपलीच.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका गावात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. अप्पासाहेब दुय्यम गटात खेळायला निघाले आणि अंगमर्दनाला, बूट पुसायला गणपतला बरोबर नेलं. तिथे एक खेळाडू तापाने पडला, गटात जागा रिकामी झाली. अप्पासाहेबांनी गंमत म्हणून लोहाराला बसवलं. गंमत महागात पडली. बूट पुसणारा माणूस एकामागून एक गोरे पाडायला लागला आणि शेवटच्या दिवशी स्वतः अप्पासाहेबांच्या बरोबरीला येऊन उभा राहिला. अप्पासाहेबांचे डाव संपलेले. गणपतचा एक राहिलेला. तो जिंकला की मालकाच्या वर.

आता इथे जे झालं ते नीट ऐका, कारण ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होऊ शकत नव्हतं. आपल्या देशी डावात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घराचा मोहरा होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, आणि वर तो नवा घोडा जन्मतःच एक उडी मारतो, त्याच खेळीत. तिकडच्या नियमात तसं नाही. तिकडे प्याद्याचा हवा तर वजीर करा, कुठल्याही घरात. आणि जन्मतःच उडी वगैरे काही नाही. अप्पासाहेबांनी बोटीवरच सगळे फरक समजावले होते. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, राजा हत्तीशी जागा बदलतो. प्याद्याचं विचारल्यावर म्हणाले होते, बाकी सगळं आपल्यासारखंच.

आधीच्या डावांत प्यादं तिथवर न्यायची वेळच आली नाही, समोरचे त्याआधीच मरत होते. शेवटच्या डावात आली. प्यादं घोड्याच्या घरात टेकलं. आजोबांना काहीतरी खटकलं असावं, कारण समोरचा गोरा आधीच हात पुढे करायला लागला होता, हरलेल्या माणसासारखा. म्हणून त्यांनी मान वळवली. अप्पासाहेब खुर्चीच्या मागेच उभे होते.

"घोडाच ना, सरकार?"

"घोडाच."

आजोबांनी घोडा ठेवला आणि उडी मारून शह दिला. पंचाने त्यांचं मनगट धरलं. नुसतं अडवलं नाही, धरलं, चोराचं धरतात तसं, आणि घोडा मागे नेऊन ठेवला. ठेवलेला मोहरा बदलता येत नाही म्हणून तो घोडाच राहिला, आणि उडी नसलेला तो घोडा उभ्याउभ्या मारला गेला. डाव गेला. सगळं दालन हसलं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, हसणं येत होतं.

ही गोष्ट मला वडिलांनी सांगितली, आणि सांगताना हात चालवला. आमच्या घरात बुद्धिबळ असंच शिकवलं जायचं. पाटावर खडूने घरं आखलेली, प्यादं घोड्याच्या घरात नेलं की वडील विचारायचे, काय घेणार? घोडा म्हटलं की कानाखाली. वजीर म्हटलं तरी कानाखाली, विचार न करता बोललास म्हणून. माझा डावा कान अजून कमी ऐकतो. नेहा, माझी मुलगी, लहान असताना त्या कानाशी येऊन गुपितं सांगायची आणि मी हो हो म्हणायचो.

परत आल्यावर आजोबांनी दोन गोष्टी केल्या. स्वतः घडवलेला लोखंडी संच भट्टीत टाकला, एक घोडा सोडून. भाता ओढत बसले, राजा-वजीर लाल होऊन एकमेकांत वितळेपर्यंत. आणि दुसऱ्या आठवड्यात अप्पासाहेबांच्या लाडक्या घोडीला नाल ठोकताना खिळा मुद्दाम मांसात उतरवला. घोडी तीन पायांवर किंचाळत पागेभर फिरली. पाय सडला आणि अप्पासाहेबांनी तिला गोळी घातली. आजोबांना पागेच्या खांबाला बांधून चाबकाने फोडलं. वडील तेव्हा सात वर्षांचे होते, त्यांना समोर उभं केलं होतं. वडिलांना मोजायला येत होतं, पण त्यांनी आकडा कधी सांगितला नाही.

त्या घोडीचा काय दोष होता? मी हे आजोबांना विचारलं होतं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, चुलीपुढे बसायचे. त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, "दोष नव्हता. ती जवळ होती."

मी त्या वाक्याला घाबरतो. बर्फ पडला की ते वाक्य माझ्या दुकानात येऊन बसतं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, असाच बोटभर बर्फ पडला त्या आठवड्यात, माझ्या हातात एक पुस्तिका पडली. आमच्या इथल्या मराठी मंडळाने बुद्धिबळ स्पर्धा ठेवली होती, 'अप्पासाहेब इनामदार स्मृतिचषक'. चषक देणारा त्यांचा नातू, जवळच्याच वॉटर्लू शहरातला सुधीर इनामदार, सॉफ्टवेअरमधून निवृत्त, गोड बोलणारा, मफलर नीट घालणारा माणूस. नाव घातलेल्या प्रत्येकाला अप्पासाहेबांच्या आठवणींची पुस्तिका फुकट. मी नाव घातलं होतं. टायरच्या ढिगावर बसून डबा खाताखाता मी ती चाळली आणि बाराव्या पानावर माझे आजोबा निघाले. नाव नाही. 'आमचा एक नोकर'. पुढे लिहिलं होतं, 'मी मागून वजीर, वजीर असे सुचवीत होतो, परंतु जात्याच अडाणी असल्याने त्याने हट्टाने घोडा घेतला आणि आमचे हसे झाले.'

पोळीचा घास तोंडातच राहिला. आत गन चालू होती, कुणीतरी मला हाक मारत होतं. मी उठून हातातला रिम भिंतीवर फेकला. भिंतीला अजून खड्डा आहे, त्यावर मी कॅलेंडर लावलंय.

राग बाजूला ठेवून विचार करायला मला धंद्याने शिकवलंय. खेळ चालू असताना बघणाऱ्याने बोलायचं नसतं, हा नियम तिथेही होता. मग तुम्ही 'वजीर, वजीर' म्हणत होतात हे तुम्हीच छापता? म्हणजे बोललात हे कबूल. भांडण फक्त काय बोललात याचं. गिऱ्हाईक असा एक शब्द जास्त बोलतं आणि सापडतं.

रविवारी दुपारी मी वॉटर्लूला गेलो. मंदा, माझी बायको, म्हणाली होती, "अहो, जाताय तर जा, पण खिशातला तो घोडा घरी ठेवा." मी ठेवला. सुधीरने चहा केला, चिवडा दिला, सगळं ऐकून घेतलं. दत्ताभाऊ, दत्ताभाऊ करत होता. मग बेसमेंटमध्ये नेऊन एक पेटी उघडली. अप्पासाहेबांच्या डायऱ्या, एका वर्षाची एक. त्या वर्षाची त्याने काढली, पान शोधलं, आणि टेबलावर माझ्यासमोर उघडी धरली. सोडली नाही, धरली.

पानावर पट आखलेला होता. बारीक, शाईने, पट्टी लावून. घोड्याच्या घरात शेवटच्या ओळीवर एक खूण. खाली दोन ओळी. मोडीत.

मला मोडी येत नाही. सत्य माझ्या नाकापुढे वीतभर अंतरावर होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो, आजोबा त्या दालनातल्या तोंडांकडे बघत असतील तसा. मी विचारलं, काय लिहिलंय? सुधीर म्हणाला, मलाही अक्षर नीट लागत नाही हो. मी म्हटलं, चषकाचं नाव राहू दे, पुस्तिका राहू दे, मला फक्त या पानाचा फोटो दे. मी वाचून घेतो कुणाकडून तरी. तुझ्या घरच्या सगळ्या गाड्यांचे टायर जन्मभर मी बघतो. बोलताना मी पानावरून नजर काढली नव्हती, आणि ते त्याला दिसलं.

ही माझी चूक. तीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगतोय की गरज दाखवली की सौदा गेला, आणि त्या बेसमेंटमध्ये मी गरज ताटात वाढून दिली. सुधीरने डायरी मिटली. म्हणाला, जुना कागद आहे, फ्लॅश नको, पुढच्या रविवारी नीट स्कॅन करून ठेवतो. चिवडा बांधूनही दिला.

पुढच्या रविवारी पान नव्हतं. तो म्हणाला, "दत्ताभाऊ, तुमची काहीतरी गफलत होतेय. या डायरीत ते पान पहिल्यापासून नाहीये."

मी डायरी हिसकावून घेतली. शिवणीजवळ बोटभर पट्टी उरली होती, पातं लावून कापलेली. आता मी आयुष्यभर रबर कापत आलोय. जुना काप आणि नवा काप मला अंधारातही बोटाने कळतो. बाकी सगळ्या पानांच्या कडा चहासारख्या तपकिरी होत्या. या पट्टीची कड पांढरी होती. दुधासारखी. मी ती त्याला दाखवली. त्याने मफलर सारखा केला आणि मला ड्राइव्हवेपर्यंत सोडायला आला.

त्या आठवड्यात मी कसा वागलो ते दुकानातल्या पोरांना विचारा. नट इतके आवळले की दोन बोल्ट तुटले. मंदाशी बोललो नाही. बर्फ पडत राहिला, मी पहाटे शोव्हल करताना बर्फ नव्हे, काहीतरी मऊ, जिवंत कापत असल्यासारखा फावडं मारायचो. नेहाने व्हँकुव्हरहून फोन केला, आईने सांगितलं असणार. म्हणाली, "बाबा, इट वॉज अ हंड्रेड इयर्स अगो." मी म्हटलं, पान मागच्या आठवड्यात कापलंय. मग म्हणाली, "ओके. दॅट इज डिफरंट." माझी पोरगी आहे.

शनिवारी एका शाळेच्या जिममध्ये स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडलेली, ओले बूट दाराशी, कॉफीचा वास. मी दुसऱ्याच फेरीत हरलो होतो, बक्षीस समारंभाला गेलो. सुधीर माइकवर उभा राहून स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगत होता. एका साध्या नोकरालाही त्यांनी कशी संधी दिली, आणि तो बिचारा ऐनवेळी कसा घोडा घेऊन बसला. लोक हसले. चांगले लोक आहेत ते, माझी गिऱ्हाइकं, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते हसले, आणि जिममध्ये हसणं घुमतं.

मी चालत गेलो, धावलो नाही. जाताना एक टेबल उलथलं, मोहरे फरशीवर गारांसारखे उडाले. सुधीर म्हणाला, "दत्ताभाऊ, आपण बाहेर बोलू." मी त्याच्या तोंडावर मारलं. एकदा. नाकाचं हाड मोडलं तेव्हा ओली फांदी मोडल्यासारखा आवाज माइकमधून सगळीकडे गेला. तो गुडघ्यांवर बसला, मफलर लाल होत गेला, आणि तो दोन्ही हातांनी चषक नव्हे, चष्मा शोधत होता. कुणीतरी मला मागून मनगटाला धरलं. पंचानेच, तो आमचा नागपूरचा कुलकर्णी. मी बघत राहिलो त्या धरलेल्या मनगटाकडे.

मुठीत लोखंडी घोडा होता. वकील म्हणाला, तो तुमच्या हातात आहे हे रागात तुम्ही विसरला होतात असं सांगू. मी विसरलो नव्हतो. सकाळी तो खिशात घालताना मंदा बघत होती आणि या वेळी ती काही बोलली नव्हती.

मी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशबाईंनी तुरुंगाऐवजी वर्षभराचं प्रोबेशन दिलं, सुधीरच्या जवळ जायचं नाही, आणि रागाचे वर्ग. वर्गात आम्ही आठजण गोल बसायचो. शिकवणारी बाई म्हणायची, राग आला की दहापर्यंत मोजा. मला वडील आठवायचे, खांबासमोर उभे, मोजणारे. वर्ष संपलं तेव्हा पोलिसांनी घोडा प्लास्टिकच्या पिशवीत परत दिला.

लोक म्हणतात, झालं ते झालं, दत्ताभाऊ, तुम्ही त्याचं नाक फोडलंत, फिटलं. फिटलं नाही. आजोबांनी चुकीच्या जिवाला खिळा मारला आणि तरी त्याचा जाब पाठीवर घेतला. मी बरोबर माणसाला मारलं आणि तरी कोर्टात उभा राहून चूक म्हणालो, आणि ती चूकच होती, कारण मोडलेल्या नाकातून शब्द बाहेर पडला नाही, नुसतं रक्त पडलं. आमच्या घरच्यांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीचा जाब आम्ही दिला. घोडीचा दिला. नाकाचा दिला.

आज दुपारी रांग जरा ओसरल्यावर मंडळाचं पत्रक आलं. स्मृतिचषक याही वर्षी आहे, त्याच जिममध्ये, आणि पुस्तिका पुन्हा छापली आहे. मी पत्रक काउंटरवर घोड्याखाली ठेवलं. बाहेर एक गाडी घसरत घसरत आली आणि माझ्या खांबाला हलकेच टेकून थांबली. आतला माणूस काच खाली करून सॉरी, सॉरी म्हणत होता. त्याला आत घेतलं.

सुधीर, माझं प्रोबेशन संपलंय. त्या शनिवारी मी येणार आहे. हात रिकामे असतील, हवं तर कुलकर्णीला दारात तपासू दे. मी पहिल्या रांगेत बसेन, उजवा कान तुझ्याकडे करून. पान तू जाळलंस का पेटीतच दुसरीकडे सरकवलंस, ते मला नको. कापण्याआधी तू ते वाचलंस. न लागलेलं पान कुणी कापत नाही. तेव्हा माइकवर उभा राहा आणि माझ्या आजोबांनी मान वळवून विचारल्यावर तुझे आजोबा काय म्हणाले, तो एक शब्द सगळ्यांसमोर सांग. वजीर, की घोडा?